‘सिस्टीम घेत नाही’

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सूत्रसंचालकांनी माझी ओळख ‘आपली कॉम्प्युटरवाली’ अशी करून दिली, ती मला मान्य आहे. गिरीजमध्ये लग्न असो, बारसे असो वा मयत असो, मला बाजूला घेऊन कोणीतरी खिशातून फोन काढतोच. तेव्हा नेहमीच्या प्रश्नांची उत्तरे आधीच देऊन टाकते, म्हणजे जेवणाच्या रांगेत आपल्याला शाळेबद्दल बोलता येईल.

आयफोन की अँड्रॉइड? तुमच्या मुलांकडे जो आहे तो घ्या. अडल्यावर तुम्ही मला नाही, त्यांनाच हाक मारणार आहात. पासवर्ड दर तीन महिन्यांनी बदलावा का? ऑफिसात अजून बदलायला लावतात, पण अमेरिकेच्या ज्या सरकारी संस्थेचे नियम सगळे जग पाळते, तिनेच २०१७ मध्ये हा आग्रह सोडला. सारखा बदलायला लावले की माणूस शेवटी १ चा २ करतो. त्यापेक्षा एकदाच लांबलचक ठेवा. कादोडीतले चार शब्द रोमन अक्षरांत सलग लिहिलेत तर तुमच्या शेजाऱ्याशिवाय कोणाला ओळखता येणार नाही, आणि तो काही हॅकर नाही. व्हिडिओ कॉलवर पोलिसाच्या वेषातला माणूस ‘तुम्हाला डिजिटल अरेस्ट केले आहे’ म्हणाला तर? अशी अटक कायद्यात नाही. फोन कापा, आणि पैसे गेले असतील तर त्याच क्षणी १९३० ला फोन करा, दुसऱ्या दिवशी नव्हे. मुलांनी निबंध चॅटजीपीटीकडून लिहून घेतला तर? निबंध बरा होईल. पण समोर बसलेल्या आमच्या मराठीच्या बाईंनी तो दुसऱ्या ओळीला ओळखला असता, कारण त्यात एकही चूक नसती.

झाले. आता ज्या विषयावर मला खरोखर बोलायचे आहे तो एका वाक्याचा आहे. हे वाक्य इथल्या प्रत्येकाने कुठल्या ना कुठल्या खिडकीपाशी ऐकले आहे: ‘सिस्टीम घेत नाही.’

माझे माहेरचे आडनाव डिमेलो. रोमनमध्ये लिहिताना डी, मग वर लोंबणारा एक स्वल्पविराम, मग मेलो. त्या स्वल्पविरामाला अपॉस्ट्रॉफी म्हणतात. आपल्या भागात डिसोजा, डिमेलो, डिकुन्हा, डिब्रिटो मंडळींनी ही खूण पिढ्यानपिढ्या जपली, आणि गेल्या वीस-पंचवीस वर्षांत ती अर्ध्या कागदांवरून गळून पडली. कोणी ती काढून टाकली, कोणी तिथे मोकळी जागा सोडली, कोणी सगळे सलग लिहिले. माझे वडील वारले तेव्हा त्यांचे नाव बँकेत एका तऱ्हेने होते, आधारवर दुसऱ्या, पॅनवर तिसऱ्या आणि सातबाऱ्यावर अर्थातच देवनागरीत. माणूस एक, कागदावर चार. आईला मुदत ठेव मिळायला आठ महिने लागले. बँकेतली मुलगी चांगली होती, बिचारी प्रत्येक वेळी खुर्ची द्यायची, आणि प्रत्येक वेळी म्हणायची, ‘आंटी, मला कळतंय हो, पण सिस्टीम घेत नाही.’ आईने शेवटी मला विचारले, ‘ही सिस्टीम कोण? तिच्याशीच बोलू या ना.’

मी या धंद्यात वीस वर्षांहून जास्त आहे. आईच्या प्रश्नाला उत्तर आहे. सिस्टीम म्हणजे कोणीतरी माणूस. पुण्यात, बंगळुरूत नाहीतर हैदराबादेत बसून एका दुपारी त्याने ठरवले की नावाच्या रकान्यात अक्षरांशिवाय काही चालणार नाही. त्याने असे का ठरवले तेही सांगते, कारण त्यात थोडी गंमत आहे.

डेटाबेसशी बोलायची एक भाषा असते. त्या भाषेत कोणाचेही नाव दोन एकेरी अवतरणचिन्हांच्या मध्ये ठेवून सांगावे लागते. पहिले चिन्ह म्हणजे नाव सुरू, दुसरे म्हणजे नाव संपले. आणि कळफलकावर अपॉस्ट्रॉफी आणि एकेरी अवतरण एकच बटण. त्यामुळे डी आला, अपॉस्ट्रॉफी आली, की कॉम्प्युटर समजतो नाव संपले: माणसाचे नाव ‘डी’. उरलेले ‘मेलो’ त्याला हुकूम वाटतो, आणि असला हुकूम त्याला माहीत नसतो, म्हणून तो अडून बसतो. वाईट हेतूच्या माणसाने तिथे खरोखरचा हुकूम लिहिला तर कॉम्प्युटर तो पाळतोही. रँडल मन्रो या अमेरिकन चित्रकाराचे २००७ चे एक व्यंगचित्र आमच्या धंद्यातल्या सगळ्यांना तोंडपाठ आहे. शाळेतून आईला फोन येतो की तुमच्या मुलाच्या नावामुळे आमच्या सगळ्या विद्यार्थ्यांच्या नोंदी पुसल्या गेल्या. आईने मुलाचे नावच तसे ठेवलेले असते, नावात नोंदी पुसायचा हुकूम! सर, आपल्या शाळेचे जनरल रजिस्टर जाड पुठ्ठ्याचे आणि शाईचे होते, म्हणून आपण वाचलो.

यावर सरळ उपाय आहे आणि तो जुना आहे. हुकूम वेगळा पाठवायचा, नाव वेगळे पाठवायचे. मग नावात काहीही असले तरी ते नावच राहते. पहिल्या वर्षाच्या मुलाला हे शिकवतात. पण त्याला अर्धा दिवस जास्त लागतो, आणि ‘विशेष चिन्हे चालणार नाहीत’ ही लाल ओळ लिहायला पाच मिनिटे. त्या पाच मिनिटांची किंमत माझ्या आईने आठ महिने भरली. आमच्या धंद्यातले लोक म्हणतात, सुरक्षेसाठी करावे लागते. मी हे कुठल्याही सभेत खोडून काढायला तयार आहे. त्या जागी सुरक्षा आणि आळस यांचा गणवेश एकच असतो.

तुम्ही म्हणाल, एक टिंब गेले तर काय बिघडले? हा वाद आमच्याच घरात आहे. माझ्या भावाच्या मुलाने कॉलेजच्या फॉर्मवर खूण स्वतःहून सोडून दिली. म्हणतो, ‘आत्या, मला परदेशी जायचंय, ही कटकट कशाला?’ त्याचे म्हणणे अगदीच चुकीचे नाही. पासपोर्ट उघडून फोटोच्या पानाच्या तळाशी पाहा. चव्वेचाळीस-चव्वेचाळीस खुणांच्या दोन ओळी असतात, यंत्राने वाचायच्या. त्यांत फक्त मोठी रोमन अक्षरे, अंक आणि रिकामी जागा भरायची एक खूण चालते. अपॉस्ट्रॉफी जगात कुठेच चालत नाही. आयर्लंडच्या ओब्रायनचीही जाते, आपल्या डिमेलोचीही जाते. पण तो नियम लिहिलेला आहे आणि सगळे देश एकाच पद्धतीने पाळतात, त्यामुळे विमानतळावर कोणी अडत नाही. अडते ते इथे, जिथे प्रत्येक खात्याने आपापला नियम केला आणि मग दुसऱ्या खात्याच्या नियमाशी अक्षर न् अक्षर जुळवायचा हट्ट धरला. खूण टाकायची तर टाका, पण सगळ्यांनी सारखी टाका, आणि जुळवताना डोळे थोडे किलकिले करा. एवढेच मागणे आहे.

आणि हे फक्त ख्रिस्ती आडनावांचे दुखणे नाही, हे वाडवळ आणि ब्राह्मण मित्रांनी आत्ताच मान हलवून सांगितले. राऊत रोमनमध्ये किती तऱ्हांनी लिहितात ते बघा. वर्तक व्हीने की डब्ल्यूने? आपल्या गावाचे नाव मराठीत एकच, गिरीज; रोमनमध्ये झेडने लिहा की जेने, पाट्या दोन्ही प्रकारच्या सापडतील. १५३४ ते १७३९ पोर्तुगीज इथे होते. त्यांच्याकडून आलेले गोन्साल्विस हे नाव त्यांच्या लिपीत सी खाली एक शेपटी लावून लिहितात. ती शेपटी इंग्रजांच्या टाइपरायटरवर नव्हती, म्हणून गेली. मराठीत ते कुठे गोन्साल्विस झाले, कुठे घोन्साल्विस. लोपीस, लोप्स, रॉड्रिग्ज, रॉड्रिक्स. ही काही अडाण्यांची चूक नव्हे. कानाने ऐकलेले नाव तलाठ्याने, पाद्रीबाबांनी, मास्तरांनी आपापल्या कानाप्रमाणे लिहिले. पूर्वी त्याने बिघडत नव्हते, कारण वाचणारा माणूस होता आणि त्याला घर माहीत होते.

आता वाचणाऱ्याला घर माहीत नाही. देशातले पहिले आधार कार्ड २९ सप्टेंबर २०१० ला आपल्याच राज्यात, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात दिले गेले. कल्पना चांगली होती: बारा आकडी नंबर, माणूस नंबराने ओळखायचा. आमच्या धंद्याचा हाच पहिला धडा आहे. नाव हाक मारायला असते, ओळख पटवायला नंबर. पण प्रत्यक्षात काय झाले? नंबर जुळला तरी नाव जुळवायचेच. २०२३ मध्ये पॅन आधारला जोडायची धावपळ आठवते? ३० जूनची मुदत, हजार रुपये उशिराचा आकार, आणि नावात एका अक्षराचा फरक असला की पुन्हा पहिल्यापासून. आधारवर नाव दुरुस्त करायची संधी साधारणपणे आयुष्यात दोनदाच मिळते, हे ज्यांना माहीत नाही त्यांनी लिहून घ्या. घाईघाईत वाया घालवू नका.

बायकांचे तर विचारूच नका. आमच्या बॅचच्या मुलींपैकी कोणी लग्नानंतर नाव बदलले, कोणी निम्म्या कागदांवर बदलले. कायद्याने बदलायची सक्ती नाही, पण फॉर्म सक्ती असल्यासारखे विचारतो. परदेशी गेलेल्यांना आणखी एक मजा माहीत असेल. आपण बोर्डाच्या सवयीने आडनाव आधी लिहितो, तिकडच्या फॉर्मला ते शेवटी हवे असते, आणि मग तिथले सहकारी सहा महिने तुम्हाला तुमच्या आडनावाने लाडाने हाक मारतात. नोव्हेंबर २०२२ मध्ये संयुक्त अरब अमिरातीने पासपोर्टवर एकच नाव असलेल्या प्रवाशांना व्हिसा द्यायचे थांबवले, तेव्हा दक्षिणेतल्या किती लोकांची झोप उडाली असेल! त्यांच्याकडे आडनाव नसतेच, आणि ते असायला हवे असे कोणी ठरवले? पॅट्रिक मॅकेन्झी नावाच्या एका प्रोग्रामरने २०१० मध्ये, नावांबद्दल प्रोग्रामर मंडळी ज्या खोट्या गोष्टी धरून चालतात त्यांची यादी केली. चाळीस निघाल्या. प्रत्येकाला एकच नाव असते, ते बदलत नाही, आडनाव असतेच, ते घरातल्या सगळ्यांचे सारखे असते... आपल्या कुठल्याही आजीने ही यादी वाचून ‘हे तर आम्हाला माहीतच होते’ म्हटले असते. आता आपल्या राज्याने १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या बाळांसाठी बाळाचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव असा क्रम ठरवला आहे. मला हा निर्णय मनापासून आवडला. पण तीन रकान्यांच्या फॉर्ममध्ये हे चौथे नाव कुठे बसणार, याची चिंता मात्र धंद्यामुळे वाटते. माझा आग्रह विचाराल तर एकच लांब रकाना ठेवा आणि माणसाला हवे तसे लिहू द्या.

आता या स्मरणिकेची गोष्ट. समितीने मला माजी विद्यार्थ्यांची यादी लावायचे काम दिले. ‘तुला काय, एक बटण दाबायचं.’ यादी तीन ठिकाणांहून आली: शाळेच्या जुन्या रजिस्टरावरून टाइप केलेली, गुगल फॉर्ममधली, आणि व्हॉट्सॲप ग्रुपवरून उचललेली. त्यात जुन्यापैकी एक भाग श्रीलिपीत होता. ज्यांनी डीटीपीच्या दुकानात काम केले आहे ते हसत आहेत. युनिकोड येण्याआधीच्या त्या फॉन्टमध्ये कॉम्प्युटरच्या लेखी मराठी नसतेच. आत इंग्रजी खुणा साठवलेल्या असतात, वर मराठीचे कपडे. फॉन्ट नसलेल्या मशीनवर उघडले की कपडे उतरतात आणि डॉलर, टक्का, कंस असे काहीबाही दिसते. एके काळी ती सोय नव्हे, क्रांती होती. आयआयटी कानपूरमध्ये सुरू होऊन पुण्याच्या सी-डॅकमध्ये वाढलेले जिस्ट तंत्रज्ञान आणि असे फॉन्ट नसते तर मराठी छापखाने कॉम्प्युटरवर आलेच नसते. पण आज त्यात लिहून ठेवणे म्हणजे पेटीला कुलूप लावून किल्ली विहिरीत टाकणे. तो भाग आम्ही बदलून घेतला.

खरी डोकेदुखी पुढे होती. आपल्या वर्गांत ॲना, ॲग्नेस, ॲन्थनी, ॲलन ही नावे पोत्याने आहेत. आता कान देऊन ऐका, कारण हे डोळ्यांनी दिसत नाही. युनिकोडच्या देवनागरी तक्त्यात १२८ जागा आहेत. त्यात हा ‘ॲ’ स्वतंत्र अक्षर म्हणून २००८ मध्ये आला. त्याच्या आधी लोक ‘अ’ काढून त्यावर चंद्र ठेवत. बऱ्याच कीबोर्डवर अजूनही तसेच निघते. कागदावर दोन्ही सारखे दिसतात. कॉम्प्युटरला मात्र एक अक्षर आणि दोन खुणा असा फरक दिसतो, आणि दोन्ही एकच आहेत असे त्याला कोणी सांगितलेले नाही. त्यामुळे यादीत एकच ॲग्नेस दोनदा आली. शोधायला गेलो तर एक सापडे, दुसरी नाही. आणि अक्षरक्रम लावला तर नव्या पद्धतीने लिहिलेली सगळी ॲ-मंडळी ‘ह’ च्याही नंतर, हेलनच्या मागे जाऊन उभी राहिली. कारण तक्त्यात ते अक्षर उशिरा आले म्हणून त्याला जागा मागची मिळाली. जन्मभर हजेरीत पहिला नंबर असलेले लोक एकदम शेवटच्या बाकावर! तीच तऱ्हा ‘गोऱ्हे’ आणि ‘कऱ्हाडकर’ मधल्या त्या अर्ध्या ‘र’ ची. तोही दोन पद्धतींनी लिहिता येतो.

एकूण यादीतली कितीतरी माणसे जुळी निघाली. काही गळलीही असतील, कारण दोन वेगळी माणसे एकच समजून एक पुसणे हे त्याहून सोपे असते. म्हणून मी बटण दाबले नाही. समितीतल्या दोघींना घेऊन बसले, आणि आमच्या क्लासटीचरना तीन संध्याकाळी फोन लावला. सरांनी वयाच्या ऐंशीच्या पुढे, यादी न बघता सांगितले: ‘ती वेगळी गं. ती हिरा डोंगरीच्या अंगची, ही तळ्याकडची. दोघींचे वडील एकाच नावाचे.’ असा सर्व्हर मी नोकरीत कुठे पाहिलेला नाही.

शिक्षकांनो, एक गोष्ट मला आज उघडपणे म्हणायची आहे. दहावीच्या बोर्डाचा फॉर्म तुम्ही आमच्याकडून भरून घेतला होता. बाई वर्गात फिरत होत्या, प्रत्येकाचे नाव रोमनमध्ये नीट आहे का बघत होत्या. ‘घरी विचारून ये, तुझ्या वडिलांच्या नावात एक एल की दोन?’ आम्हाला कंटाळा आला होता. दहावीच्या त्या कागदावर पुढचे सगळे उभे राहिले: पासपोर्ट, पॅन, नोकरी. माझ्या नावातली खूण आज कुठे शिल्लक असेल तर ती त्या कागदावर आहे, कारण बाईंनी ती पेनाने पुन्हा गडद केली होती. वडिलांच्या बँकेच्या प्रकरणात शेवटी मीच मुलगी आहे हे सिद्ध करायला तोच कागद चालला.

आता शाळेत हे काम पोर्टलवर होते. इथे बसलेल्या आत्ताच्या शिक्षकांना माझी विनंती आहे. पोर्टल मुलाचे नाव घेत नसेल तर नाव बदलू नका. जसे आहे तसे रजिस्टरात लिहा, आणि पोर्टलने कुठले अक्षर नाकारले ते शेजारी तारखेसह लिहून ठेवा. दहा वर्षांनी त्या मुलाच्या हाती तेवढा एक पुरावा असेल.

कादोडीबद्दल एक वाक्य ठरवले होते, दोन बोलते. फोनवर कादोडी लिहायला घेतली की फोन ती ‘सुधारून’ प्रमाण मराठी करतो. लहान मुले मग फोन म्हणतो तेच बरोबर समजतात. फोनला कादोडी येत नाही कारण त्याने ती फारशी पाहिलेलीच नाही. जी काही लिहिली गेली ती छापील अंकांत, फोटोंत, आवाजात आहे. शब्द सुधारणे बंद करायची सोय सेटिंगमध्ये असते, ती आज जेवताना मी प्रत्येकाला करून देईन. आणि आजी-आजोबांकडून ऐकलेले लिहून ठेवाल तेव्हा युनिकोडमध्ये लिहा, वहीचा फोटो काढून ग्रुपवर टाकू नका. फोटोतला शब्द कोणाला शोधता येत नाही.

माझी वीस मिनिटे संपली, बाई घड्याळ बघत आहेत, सवय गेलेली नाही. मागच्या भिंतीपाशी टेबलावर लॅपटॉप आणि यादीची छापील प्रत ठेवली आहे. स्मरणिका छपाईला जाण्याआधी प्रत्येकाने आपले नाव तपासून, तुम्हाला जसे हवे तसे पेनाने लिहून द्यायचे आहे. अपॉस्ट्रॉफी, शेपटी, माहेरचे, सासरचे, दोन्ही, सगळे चालेल. ॲ-वाल्यांनी आधी यावे, त्यांचे काम जास्त आहे.